वाऱ्याची बाही

आमच्या कंपनीसमोरचा रस्ता गरजेपेक्षा रुंद आहे.
नवे ड्रायव्हर विचारतात, एवढी जागा कशाला सोडली?
चहावाला सांगतो, मंत्री येणार होते.
मी काही बोलत नाही.
कंटेनर वळतात, डिझेल सांडतं,
आणि सी-शेडच्या भिंतीखाली, निम्मा आत, निम्मा बाहेर,
चुन्यासारखा पांढरा सत्तावीस.
बाहेर नुसता दोन उरलाय.
सातावर आमचं पॅकिंग चालतं.

सत्तावीस म्हणजे मावळतीकडे तोंड.
शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं मला.
चारनंतर घाटाकडून वारा सुटला
की विमानं चाकणच्या अंगाने खाली यायची
आणि अण्णा (हैबती गव्हाणे, हेल्पर, रोजंदारी)
सायकल दामटत पट्टीच्या टोकाला,
म्हशी हाकलायला.
टिटवीची अंडी दिसली तर भोवती
चुन्यात बुडवलेले चार खडे मांडायचे.
चाकाला नाही, तरी माणसाला कळेल.

"हैबती, वारा काय म्हणतो?" दस्तूरसाहेब ओरडायचे.
अण्णा वर बघायचे.
खांबावर केशरी कापडाचं लांब नरसाळं.
आई त्याला बाही म्हणायची,
कुणा धिप्पाड माणसाची, आत हात नसलेली.
वर्षातून दोनदा उसवायची ती.
आई मशीनवर दुहेरी टीप मारायची,
एकदा केशरी दोरा संपला तेव्हा
माझ्या फ्रॉकातल्या उरलेल्या गुलाबीने.
(वरून दिसत नव्हतं.
विचारलं होतं मी साहेबांना.)

अण्णा स्वतः कधी वर गेले नाहीत.
साहेब म्हणायचे, बस एकदा.
अण्णा म्हणायचे, मग खाली कोण बघणार?

शेवटचं विमान एका बुधवारी गेलं. भाषणबिषण नाही.
मोजणीवाले आले, साखळी टाकली,
पट्टीचे अकरा प्लॉट पाडले.
अण्णांनी बाही उतरवली, झटकली,
घरी आणून कूलरवर पांघरली.
लोकांना वाटतं, रडले असतील.
अण्णा तेव्हा पत्र्याच्या तात्पुरत्या ऑफिसात
माझी मार्कशीट हातात धरून उभे होते.
आयटीआय झालेली पोर आहे, म्हणाले,
नजर चांगली आहे तिची.
याला रडणं म्हणायचं तर म्हणा.

मी आता क्वालिटीला.
व्हर्नियर लावते, बुश मोजते,
शंभरातले दोन परत पाठवते.

गेल्या वर्षी मागच्या यार्डात गॅसच्या टाक्या बसल्या.
सेफ्टीचा साहेब, जळगावकडचा, कोवळा पोरगा, म्हणाला,
गळती झाली तर वारा कुठला ते दिसायला हवं.
एक बाही मागवली, ऑनलाइन.
आषाढाने तिच्या आठ दिवसांत दशा केल्या,
आणि ऑडिट सोमवारी.

मी घरची आणली.
कूलरच्या गंजाचा चौकोनी डाग पडलेला.
अण्णाही आले, खिशाला व्हिजिटरचा पास,
कानांपर्यंत उतरलेलं पिवळं हेल्मेट.
वयामुळे शिडीवर चढू दिलं नाही.
खालूनच हात हलवत राहिले,
गाठ उलटी बसलीय, अजून वर, अजून,
हां, आता सोड.
आधी नुसतीच लोंबली.
मग डाग, ठिगळं, गुलाबी टीप,
सगळं एकदम आडवं झालं.

साहेबाने सगळ्यांना गोळा करून समजावलं:
ती फुगते त्या दिशेला पळायचं नाही.
आधी आडवं निघायचं,
मग वाऱ्याला तोंड देऊन चालत राहायचं.
मागच्या रांगेतून अण्णा म्हणाले, जरा मोठ्यानेच,
"उतरायचंही तसंच असतं."
दोन-चार माना वळल्या.
तेवढ्यात चहा आला.

साडेतीनला माझी शिफ्ट सुटते.
रस्ता ओलांडताना डावीकडे बघते, उजवीकडे बघते,
आणि एकदा वर.
बरोबरच्या पोरी हसतात.